सूर खाली घेण्याचं बटण

पियानो शनिवारी येणार होता, म्हणून शुक्रवारीच मी तपासायच्या गोष्टी कागदावर काढल्या. पट्ट्यांचं वजन. ऑर्गनचा आवाज खरा वाटतो की खेळण्यातला. पेडल. उचलायला किती माणसं लागतील. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला तर मधल्या वेळात काय होतं. जत्रेच्या नाटकात वीज जातेच, आणि नेमकी राजा पद म्हणत असताना जाते, असा आमच्या गावचा अनुभव आहे.

राजा म्हणजे माझा दादा. हळर्णच्या बाजूला आमचं गाव. गोवा राज्य झालं त्यानंतरच्या जत्रेपासून संगीत नाटकातली राजाची भूमिका दादाकडे आली आणि ऑर्गनची साथ माझ्याकडे. त्या दिवसांत कोकणी की मराठी यावरून भाऊ भावाशी बोलेनासे झाले होते. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता. जेवताना एक भाषा, तोंडाला रंग लावला की दुसरी, आणि दोन्हीत दादाचं तोंड सारखंच चालायचं. मी पुढे लग्न होऊन डिचोलीला गेले, शाळेच्या कार्यालयात नोकरीला लागले, पण तालमीच्या दिवसांतला रविवार कधी चुकवला नाही. सकाळची कामं आटपायची, डबा भरायचा, माहेरी जायचं आणि ऑर्गनवर बसायचं.

आमचा ऑर्गन पायांचा. दोन्ही पायांनी भाता मारत राहायचा आणि हातांनी वाजवायचं. ऑर्गनवाल्याचं खरं काम पायांत असतं. गाणारा श्वास घ्यायला थांबतो तेव्हा भात्याला थोडा जोर देऊन सूर धरून ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं तो थांबलाच नाही. दादा कुठे थांबणार हे माझ्या पायांना आधी कळायचं. त्याचा खांदा किंचित वर जाई, आणि माझा उजवा पाय खाली.

दादा डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर मातीच्या चाळणी यंत्रावर होता. संध्याकाळी घरी येई तेव्हा भुवयासुद्धा लाल असत. वहिनी त्याचे कपडे वेगळे भिजवायची. खाणी बंद पडल्या, ट्रक रस्त्याच्या कडेला उभे राहिले, त्यांच्या चाकांतून गवत उगवलं; दादा घरी बसला, आणि धूळ नसताना त्याचा खोकला वाढला. डॉक्टरांनी फुप्फुसांचे फोटो खिडकीशी धरून मला दाखवले. "गाणं सोडायला सांगा," म्हणाले. "छातीत जागाच उरलेली नाही."

दादाने ते मानलं नाही. "त्या डॉक्टरान माझा पद ऐकल्यान काय कधी?" एवढंच म्हणाला.

त्याच्याकडे वेगळं कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं. ऑर्गनचा भाता फाटला होता. दोनदा कातड्याचे तुकडे चिकटवून झाले, उंदरांनी तिसरीकडून कुरतडला. मी कितीही पाय मारले तरी लांब सूर मधेच बसायचा. गेल्या जत्रेत राजाच्या मोठ्या पदात दुसऱ्या ओळीला सूर तुटला. एकदा नाही, प्रत्येक आवर्तनात. लोक चुळबुळले. आत आल्यावर दादा सगळ्यांसमोर मला म्हणाला, "तुझो भातो फुटको गो बाय, माझो नाय."

मी मान डोलावली. वहिनीनेही डोलावली. नाटक मंडळाच्या अध्यक्षांनीही. ऑर्गन खराब आहे हे सगळ्यांनाच सोयीचं होतं.

मग आखातात नोकरीला असलेल्या गावच्या एका माणसाने देवाला नवीन वाद्य द्यायचं ठरवलं. देणारा म्हणाला, द्यायचं तर उत्तमातलं द्या. म्हापशाच्या दुकानदाराने स्टेज पियानो सुचवला: मोठ्या कार्यक्रमांत वापरतात तो, ज्यात पियानोशिवाय ऑर्गन, पायपेटी, व्हायोलिन सगळे आवाज असतात. दोन दिवस वापरून बघा, म्हणाला. मंडळाने तपासणी माझ्यावर सोपवली. अध्यक्ष आमच्या पडवीत बसून चहा पीत होते. उंडे पावाचा तुकडा चहात बुडवता बुडवता, दादाकडे न बघता म्हणाले, "राजा कोण करता ता पियानो इल्यार बघूया."

दादा हसला. "बघा, बघा. हवा भरलेली गाडी मिळूंदे, मगे चालवणाऱ्याक नावा ठेवा."

म्हणजे पियानो माझ्याकडे तपासायला येत होता, पण तपासला जाणार होता दादा. हे दादालाही माहीत होतं. म्हणून तो खूश होता.

शनिवारी दुकानदार व्हॅन घेऊन माझ्या माहेरी आला. स्टँड उघडला, पियानो ठेवला, वायर लावली, पडदा उजळला. मी पट्टी दाबली. आवाज नाही. दुसरी दाबली. नाही.

"बाय, स्पीकर वेगळो लावचो पडटा," दुकानदार म्हणाला. "ह्या वर्गातल्या पियानोंक आपलो स्पीकर नासता."

वहिनी दारात उभी होती. "एवढो मोठो आणि तोंड नाय?" ती म्हणाली. "आमच्या ह्यांचा उलटा. नुसता तोंडच."

दादा इतका हसला की त्याला खोकला आला. खोकला थांबेपर्यंत आम्ही सगळे स्पीकरची वायर कुठे जाते ते बघत राहिलो.

शनिवारचा अख्खा दिवस मी कागदाप्रमाणे गेले. पट्ट्या जड होत्या, डावीकडच्या आणखी जड, खऱ्या पियानोसारख्या. ऑर्गनच्या हलक्या पट्ट्यांवर वाढलेली माझी बोटं थोड्या वेळात भरून आली. पण सवयीने जमेल, असं लिहिलं. हळू दाबली की हळू आवाज, जोरात दाबली की मोठा. पायपेटीचा आवाज लावल्यावर हा फरक नको असतो, तो बंद करायची सोय सापडली. पायपेटीचा आवाज तर ऐकून मी उठून उभी राहिले. आत कुठेतरी लाकूड आणि हवा असल्यासारखा. लांब सूर धरला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन यावं म्हटलं असतं तरी तो तसाच राहिला असता. वहिनीला पट्टी दाबून धरायला सांगितली आणि मी अंगणाच्या टोकापर्यंत गेले. सूर हलला नाही, बसला नाही. वायर काढून बघितली. बंद पडला आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला. बॅटरीची सोय करावी, असं लिहिलं. पाय एकच लागत होता, डावा, आवाज कमी-जास्त करायच्या पेडलवर. दुसऱ्या पायाला काम नव्हतं.

आणि एक बटण होतं, सूर वर-खाली करायचं. त्याच पट्ट्या दाबायच्या, बटण एकदा दाबलं की सगळं अर्ध्या सुराने खाली. गाणाऱ्याचा घसा बसला असेल तर वाजवणाऱ्याला बोटं बदलावी लागत नाहीत. फार सोयीचं. त्यापुढे मी दोनदा खूण केली.

रविवारी सकाळी दादा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, केस मागे वळवून आला. तालमीला तो कधी असा येत नसे. पियानोशेजारी उभा राहिला. दादा कायम काळी दोनच्या सुरात गायचा. मी सूर दिला.

पहिली ओळ त्याने अशी घेतली की वहिनी मासे कापता कापता विळी सोडून दारात आली. मला वाटलं, डॉक्टर चुकले. खरंच वाटलं. त्या एका ओळीपुरती मी जत्रेची सगळी तयारी मनात करून टाकली होती.

दुसऱ्या ओळीत त्याचा खांदा वर गेला. माझा उजवा पाय आपसूक खाली गेला, आणि तिथे काही नव्हतं. नुसती जमीन. पियानोचा सूर मात्र होता तसाच चालू राहिला, सरळ, शांत. त्याच्या शेजारी दादाचा आवाज थांबला, आणि थांबलेला स्वच्छ ऐकू आला. फाटक्या भात्याबरोबर आम्ही दोघं एकत्र तुटायचो. आता तो एकटाच तुटत होता.

"वीज कमी-जास्त होता काय गो?" त्याने विचारलं.

पडद्यावरचा उजेड स्थिर होता. "होत असेल," मी म्हटलं.

"परत वाजय."

परत वाजवलं. त्याच शब्दावर तुटलं. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा त्या शब्दाच्या थोडं आधीच.

"ता बटण खंयचा? खाली घेवचा?"

मी दाखवलं.

"खाली घे."

मी बटण दाबलं. पांढरी दोन. एरवी हा अर्धा सूर उतरायला तयार नसलेला माणूस. एकदा ताप अंगात असताना काळी दोनमध्ये गायला होता. त्याने पद सुरू केलं. त्याच शब्दावर तुटलं.

"आणखी खाली."

काळी एक.

"आणखी."

पांढरी एक. आता तो दादाचा आवाज राहिला नव्हता. राजा सिंहासनावरून उतरून पायरीवर बसल्यासारखा झाला होता, आणि तिथेही त्याला धाप लागत होती. खाली येऊन सूर सोपा होतो, श्वास वाढत नाही. हे मला दुसऱ्या वेळी बटण दाबतानाच कळलं होतं. तरी मी दाबत राहिले, कारण तो सांगत होता, आणि थांबायचं तर काय बोलून थांबायचं हे मला सुचत नव्हतं.

वहिनी म्हणाली, "पुरे आता. मासे तळतंय, जेवा."

दादाने पियानोला हात टेकला. बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. तो आधीही येत असणार, पण आमच्या ऑर्गनच्या फसफशीत कधी ऐकू आला नव्हता. मग त्याने वाकून पडदा बघितला.

"शून्यार हाड बाय," तो म्हणाला. "मूळ सुरात ठेव. दुसऱ्याक लागतलो."

मी बटण उलट दाबत सूर जागेवर आणला. कागदावर तपासायच्या सगळ्या गोष्टींपुढे खुणा होत्या. कुठेतरी फुली मारता येईल का म्हणून मी तो पुन्हा वरपासून वाचला. पट्ट्या जड आहेत, एवढंच. पण तो दोष नव्हता.

जेवताना मी म्हटलं, "मी मंडळाला सांगते हा आपल्याला नको. ऑर्गनच पुन्हा दुरुस्त करू. मिरजेहून माणूस आणू."

दादाने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "कित्याक? वाजता बरो तो."

"पण..."

"वाजता बरो, असाच सांग."

सोमवारी कार्यालयात अध्यक्षांचा फोन आला. मी कागद समोर ठेवून एकेक गोष्ट सांगितली. आवाज उत्तम. सूर कितीही वेळ धरता येतो. बॅटरीची सोय करावी लागेल. दोन माणसांनी उचलता येतो.

"म्हंजे दोष काय नाय?"

"नाही."

"आणि दादा?"

समोर दाखल्यासाठी एक बाई उभ्या होत्या. मी त्यांना हाताने थांबवलं. "दादा यंदा नाही करणार," मी म्हटलं. हे पहिल्यांदा कोणीतरी तोंडाने म्हटलं होतं, आणि ते मी म्हटलं, पियानोच्या वजनानंतर लगेच, त्याच आवाजात.

धारगळचा एक माणूस राजा झाला. चांगला गातो. काळी दोनमध्येच. जत्रेत मी त्याला साथ केली. वीज गेली, पण बॅटरीमुळे पियानो बंद पडला नाही, आणि लोकांनी त्याचंही कौतुक केलं. माझा उजवा पाय नाटकभर जमीन दाबत होता. या माणसाला त्याची गरज नव्हती.

दादा देवळाकडे आला नाही. वहिनी म्हणाली, स्पीकरचा आवाज घरापर्यंत येत होता, तर त्यांनी खिडकी लावून घेतली. मग थोड्या वेळाने उठून उघडली.

ऑर्गन आता दादाच्या खोलीत आहे. कोणी न्यायला तयार नाही आणि टाकायला मन होत नाही. त्याचं झाकण सपाट आणि खाटेच्या उंचीचं असल्याने वाफेच्या औषधाचं यंत्र मी तिथेच ठेवलं. मास्क, औषधाच्या कुप्या, जादा वायरीचा बोर्ड; हे सगळं डिचोलीहून मीच आणलं. पहिल्या दिवशी ते सुरू कसं करायचं ते मी दाखवत होते. दादा लक्ष देऊन बघत होता. यंत्र घुरघुरायला लागलं, मी त्याच्या नाकातोंडावर मास्क बसवला. त्याने तो जरा बाजूला केला.

"हेका खाली घेवचा बटण नाय मां?"

"नाही," मी म्हटलं. "एकच आहे. चालू आणि बंद."

त्याने मास्क परत लावून घेतला.