पंख्यातली लवंग

जावा बेटावरच्या कुदूसमध्ये कास्मुरीच्या नाकाची ख्याती होती. बाजारामागच्या गल्लीत त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. तापलेलं यंत्र कुणी आणलं की हा गडी आधी ते चालू करायचा आणि बाजूच्या जाळीतून येणाऱ्या गरम हवेला नाक लावायचा. इथल्या रीतीनं बाईला 'बू', जवान गड्याला 'मास' आणि वडीलधाऱ्याला 'पाक' म्हणायचं. "बू, चुलीशेजारी ठेवता ना? तळणीचं तेल बसलंय आत." "मास, मांजर झोपतं ना यावर?" गिऱ्हाईक चाट पडायचं.

दुसरी सवय पुडीची. दुरुस्तीवाले न उघडताच पैसे उकळतात, अशी गावाची पक्की समजूत. म्हणून आतून निघालेली घाण आणि काढलेला जुना भाग कास्मुरी कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. "ही घ्या तुमची धूळ. घरी नेऊन खुशाल फेका." आपल्या हातचं यंत्र गार आणि निर्मळच जाणार, याचा त्याला भारी तोरा होता.

एका सकाळी शाळेत शिकवणारी वेनिंग आली. "पाक कास्मुरी, आईचा लॅपटॉप दहा मिनिटांत तापतो आणि फट्कन बंद पडतो. बाबांचे सगळे फोटो यातच. बाराच दिवसांवर हजारावा दिवस आलाय, प्रार्थनेच्या पुस्तिकेवर फोटो छापायचाय. छापखानेवाला नुसता जीव खातोय माझा."

गेलेला माणूस हजार दिवस घराभोवती घुटमळतो. हजाराव्या दिवशी शेजारीपाजारी जमतात, प्रार्थना करतात, जेवतात आणि त्याला वाटेला लावतात. तेव्हा घाई होणारच.

कास्मुरीनं लॅपटॉप चालू केला. पंखा घरघरला, मग म्हाताऱ्यासारखा खोकू लागला. आठव्या मिनिटाला वास आला. लवंगेच्या सिगारेटचा. आता या गावात निम्मी घरं लवंगेच्या सिगारेटी वळतात, त्यात नवल ते काय? पण हा वास शिळा नव्हता. खांद्यामागे बसून कुणीतरी नुकतीच पेटवावी, असा ताजा होता. कास्मुरीनं गर्रकन वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"बाबा फार ओढायचे का?"

"अहो, विचारू नका! यासमोर बसले की एकावर एक. आई बोलून बोलून थकली. शेवटी फुफ्फुसानंच नेलं त्यांना."

त्यानं यंत्र उघडलं. पंख्याच्या पात्यांवर काकवीसारखा काळा चिकटा, आणि तांब्याच्या जाळीत धुळीचं घोंगडं. हवा जाणार कुठून? त्यानं पंखा बदलला, जाळी बदलली, चिपवरची उष्णता ओढून घेणारी, पण आता वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. लॅपटॉप तासभर चालला आणि तळहाताला गार लागला. वेनिंगनं फोटो उतरवून घेतले आणि पुडी पिशवीत टाकून ती खुशीत गेली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी वेनिंगची आई, बू लास्मिनी, दारात उभी. काखेत लॅपटॉप, मुठीत ती पुडी.

"तूच का रे तो नाकवाला?"

"हो, बू. काही राहिलं का?"

"माझा नवरा कुठंय?"

कास्मुरीनं स्टूल पुढे सरकवलं. म्हातारी स्टुलावर बसली. रोज चार वाजता ती लॅपटॉपजवळ काळी कॉफी ठेवायची आणि तो चालू करायची. आठ मिनिटांत वास यायचा. मग ती दिवसभराचं सगळं सांगायची, तोवर यंत्र बंद पडायचं. "जिवंत होते तेव्हाही असेच. माझं बोलणं संपायच्या आत उठायचे. काल तासभर बसले मी. कॉफी गार झाली. तुझा पंखा मेला नुसता गार वारा घालत होता."

"पोरीनं तर सांगितलं..."

"पोरीला काय ठाऊक? सांगितलं तर वेडी म्हणेल मला. हे परत घाल आत."

"बू, जुनं घातलं तर यंत्र जळेल हो."

"अकरा दिवस टिकेल? पुढे त्यांना जायचंच आहे. त्याआधी तू का हाकललंस त्यांना?"

कास्मुरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर ज्या सफाईची फुशारकी मारली, तिनंच आज घात केला होता. त्यानं पुडी सोडली आणि जन्मात पहिल्यांदा घाणेरडा भाग फडकंही न फिरवता यंत्रात बसवला. पेस्ट तेवढी चांगली लावली. लॅपटॉपच्या मागच्या बाजूला खालून दोन लाकडी ठोकळे चिकटवले, म्हणजे पोटाखालून वारा लागेल. "दहा मिनिटं, बू. वर एक मिनिट नको."

लॅपटॉप चालू झाला. पंखा खोकला. आठव्या मिनिटाला म्हातारीनं डोळे मिटले. "आलात?" ती हळूच म्हणाली.

कास्मुरी उठून बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

हजाराव्या दिवशी तोही चटईवर बसला, प्रार्थना म्हणाला. पुस्तिकेवर एक हडकुळा माणूस हसत होता. वेनिंगनं कास्मुरीला घरी न्यायला भाताचा डबा दिला.

दुसऱ्या दिवशी बू लास्मिनी आली. "घे. आता कर साफ."

त्यानं सवयीनं लॅपटॉप चालू करून जाळीला नाक लावलं. आठ मिनिटं झाली. बारा झाली. पंखा तसाच खोकत होता, टेबल चटके देत होतं. यंत्र फट्कन बंद पडलं. वास नव्हता. त्यानं घाईघाईनं झाकण काढलं आणि पात्यांनाच नाक भिडवलं. तोच पंखा, तोच चिकटा. धुळीलाही वास असतो, हिला तोही नव्हता.

"बू..."

"कालपासूनच," ती म्हणाली. "मी कॉफी ठेवली होती रे."

त्यानं नवा पंखा बसवला. मग सवयीनंच जुना कागदात बांधून तिच्यापुढे धरला. तिनं हात पुढे केला नाही.

"टाकून दे," ती म्हणाली आणि लॅपटॉप काखेत मारून उन्हातून चालती झाली.