कमलला मी शिकवलेली पहिली गोष्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. शाळेतून निवृत्त होताना माझ्या कौतुकाची भाषणं झाली, तेव्हा तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, आणि सरळ सांगते आहे.

सीमेवरच्या संतपूरजवळच्या एका गावात मी मराठी शाळेवर बाई होते. घरात आम्ही कानडी बोलायचो, शाळेत मराठी. शिकवण्याबद्दल मला कधी शंका आली नाही. आणि एका मुद्द्यावर तर मी हेडमास्तरांशीही वाद घालायचे — चारचौघांत कसं वागावं, हे पोरांना कुणी शिकवायचं? हेडमास्तर म्हणायचे, शाळेनं. मोठ्यांशी बोलणं, नव्या माणसाला ये-बस म्हणणं, हेही पाढ्यांसारखं घोटून घेतलं पाहिजे. मी म्हणायचे, ते आईबापांचं काम. वळण घरून येतं, आम्ही अक्षरं शिकवू. पालकांच्या सभेत मी हे ठणकावून सांगायचे, आणि लोक माना डोलवायचे.

चौथीत कमल नावाची मुलगी होती, गावातल्या बौद्ध वस्तीतली. आईवडील रानात राबणारे. तिच्यासारखं वाचन वर्गात कुणाचं नव्हतं — उभं केलं की स्पष्ट, न अडखळता वाचायची. एरवी मात्र तोंड उघडायची नाही. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून एकटी उभी असायची.

तालुक्याहून मोठे साहेब शाळा बघायला यायचे होते. स्वागताची चार वाक्यं कमलनं म्हणावीत, असं हेडमास्तरांनी ठरवलं. मी नको म्हटलं. ती कुणाशी बोलत नाही, पाहुण्यांकडे मान वर करून बघणार नाही, तिला घरात काही शिकवलेलंच नाही — किती सहज म्हटलं मी! हेडमास्तरांनी तिच्या आईला बोलावून घेतलं.

ती खुरपणीवरून तशीच आली, हाताला माती. ऑफिसच्या दारातच उभी राहिली. कमलही होती. मी माझं नेहमीचं सांगितलं — मुलीला माणसांत न्या, बोलायला शिकवा, हे घरचं काम आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती चिडली नाही. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं.

"बाई, घरी तर ही दिवसभर बोलायलीच की. इथंच कामून बोलंना? आमचं काय चुकलंय?"

त्या खोलीत याचं उत्तर दोघींना ठाऊक होतं. कमलला आणि मला.

पहिलीच्या पहिल्या दिवशी ही मुलगी माझ्या वर्गात नाचत आली होती. "जयभीम बाई," म्हणाली — मोठ्यानं, हसत. मग माझं बोट धरलं आणि मला ओढत नेऊन खिडकीतून तिचं घर दाखवू लागली. म्हणजे काय शिकवायचं राहिलं होतं तिच्या आईनं? नमस्कार येत होता, परक्या माणसाशी बोलणं येत होतं, माया लावणं येत होतं.

मी बोट सोडवून घेतलं. पदराला पुसलं — तिच्यादेखत. म्हटलं, इथं असं म्हणायचं नाही. कुणाला हात लावायचा नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आणि तिला दाराजवळ, सगळ्यांपासून लांब बसवलं. मी — घरात रोज शरण-संतांची कानडी वचनं म्हणणारी, माणसामाणसांत भेद नाही हे लहानपणापासून तोंडपाठ असलेली. मला हे कुणी करायला सांगितलं नव्हतं. कुणाच्या पालकांची तक्रार नव्हती. ती हुशार होती. चार दिवसांत शिकली.

आता ऑफिसात आई तिला हलवत होती. "सांग की गं, बाईंला सांग." कमलनं आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी विचारण्याची ती वाट बघत होती का? मला आजही तसंच वाटतं. मी विचारलं नाही. मग आईनं तिच्या थोबाडीत दिली. मी टेबलावरचे कागद सारखे करत होते.

हेडमास्तर नंतर म्हणाले, बाई, तुमचंच खरं. स्वागत माझ्या नात्यातल्या मुलीनं केलं, आणि ती दोन वाक्यं विसरली. पुढच्या सभेत मी नाव न घेता कमलचं उदाहरण दिलं. तिची आई मागं बसून मान हलवत होती.

बऱ्याच वर्षांनी संतपूरच्या बाजारात तीच आई भेटली. हात धरून मला हॉटेलाच्या बाकावर बसवलं, चहा सांगितला. त्या दिवसानंतर तिनं काय काय केलं, ते सांगू लागली. रोज कमलला दारात उभं करून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायला लावायची. दुकानात एकटीला पाठवायची. बोलली नाही की मारायची. पुढं मुलगी शिकली, उदगीरला दवाखान्यात नर्स झाली.

"आता समद्यांसंगं बोलती, बाई. तुमी त्या दिशी बोल्लाव म्हणून. तुमचे लई उपकार हायेत."

मी म्हटलं, बरं झालं.

एवढंच म्हटलं. चहा गरम होता, सावकाश प्यावा लागला. खरं सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी कप खाली ठेवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला — आशीर्वाद दिल्यासारखा — आणि बस पकडायला निघाले.

कमलची आई आता राहिली नाही. कमलचा पत्ता मिळवणं अवघड नाही. मी तो मिळवलेला नाही.