पेपर दुपारी, गाणं संध्याकाळी

पालमच्या बाजारातून रुद्राणी स्वामी कॉलेजकडं निघाली की दुकानातले लोक म्हणायचे, "गाणाऱ्या मॅडम चालल्या." ती गणित शिकवते, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊकच नव्हतं.

गळा तिला मठानं दिला होता. दर सोमवारी तिथं शिवभजन व्हायचं आणि वडिलांच्या मांडीवर बसायच्या वयापासून ती त्यात सूर लावायची. पुढं एम.एस्सी. झाली, पीएच.डी.ला नाव घातलं, लग्न होऊन पालमला आली आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर लागली. तासिका तत्त्व म्हणजे यंदा तास मिळाले तर मास्तरीण, नाही मिळाले तर घरी. पाहुणा आला की स्वागतगीत तिचं, निरोप समारंभ असला की गाणं तिचं. गणिताच्या परिषदांनाही ती जायची, पेपर वाचायची. पण लोकांच्या ध्यानात राहायचं ते रात्रीच्या जेवणानंतर तिनं म्हटलेलं भजन. सकाळी तिनं काय मांडलं होतं, हे कधी कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी परिषद तिच्याच कॉलेजात ठरली. विभागप्रमुख दत्तराव सरांनी सगळ्यांना कामं वाटून दिली आणि रुद्राणीकडं मनोरंजन सोपवलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिचं गाणं आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना येलदरीचं धरण दाखवायचं.

नेमका दिवाळीपासून तिचा आवाज बसायला लागला होता. आधी वाटलं खडूची धूळ असेल. मग गरम पाणी झालं, हळद झाली, ज्येष्ठमध झालं. शेवटी नवऱ्यानं, शंभुराजनं, मोटार वाइंडिंगचं दुकान बंद ठेवून तिला नांदेडला नेलं. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं.

"स्वरयंत्रावर गाठ आहे. काढावी लागेल. साधी आहे की कशी, ते तपासल्यावरच सांगता येईल. तोवर बोलणं अगदी कमी करा. गाणं तर नकोच."

परतीच्या एसटीत, पालम जवळ आल्यावर शंभुराज म्हणाला, "सरांना सांगून टाक."

"काय सांगू? मुक्या बाईला तास कोण देईल?" ती कुजबुजली. "परिषद होऊ द्या. मग ऑपरेशन करू."

तरी एकदा तिनं सरांकडं विषय काढून पाहिला. "सर, यंदा गाणं नको. मी नुसता पेपर वाचते."

दत्तराव सर माणूस वाईट नव्हता. दर वर्षी संस्थेशी भांडून तिचे तास तेच मिळवून आणायचे. ते हसले. "मॅडम, पेपर काय, कुणीबी वाचील. तुमचं गाणं कुणी म्हणायचं? हैद्राबादचे पाहुणे खास त्याच्यासाठी थांबायलेत. आता माझी इज्जत तुमच्या हातात हाय."

ती मान हलवून बाहेर आली. घरी शंभुराजनं आणि तिनं बसून हिशेब घातला तो असा: पेपर प्रियांका वाचेल, म्हणजे तिची एम.एस्सी.ची हुशार विद्यार्थिनी. आणि उरलासुरला आवाज संध्याकाळसाठी राखायचा. सरांना तिनं एवढंच सांगितलं, की गाण्यासाठी गळा जपायचाय; तेही लगेच कबूल झाले. रुद्राणी त्या दिवसापासून घरात खुणांनी बोलायला लागली. सासूला वाटलं, सून रुसली.

परिषदेच्या दिवशी मांडवात हार, रांगोळी, फेटे, सगळं दणक्यात झालं. दुपारी तिच्या पेपरची पाळी आली. वर्गात मोजकीच माणसं होती, त्यातली काही जेवणानंतरच्या गुंगीत. अध्यक्षस्थानी बसलेले दत्तराव सर माईकवर म्हणाले, "स्वामी मॅडम संध्याकाळी गाणार आहेत. त्यांचा गळा आपल्याला जपायचाय, म्हणून हा पेपर त्यांची विद्यार्थिनी वाचेल."

लोक कौतुकानं हसले. कुणी टाळीही वाजवली.

प्रियांका उठली आणि भराभरा वाचायला लागली. बिचारी घाबरली होती. ज्या ओळीवर रुद्राणीनं एक अख्खा उन्हाळा घालवला होता, ती ओळ एका दमात निघून गेली. समोरचा एक जण मोबाईल बघत होता. रुद्राणीला बसवेना. ती उठली, प्रियांकाच्या हातातला कागद अलगद घेतला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

आवाज घोगरा होता, मधेच तुटत होता. पण ती थांबली नाही. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, त्यांतून उभी राहणारी गणितातली झाडं, त्या झाडांना क्रमांक देण्याची तिनं शोधलेली रीत, सगळं तिनं नीट उलगडून सांगितलं. शेवटच्या पानापर्यंत आवाज कसाबसा पुरला.

सोलापूरहून आलेल्या एक वयस्कर प्राध्यापक बाई मागं बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मधल्या एखाद्या ठिपक्यापासून आणखी एक फांदी फुटली, तर तुमची रीत टिकते का?"

रुद्राणीनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिनं घसा खाकरून पुन्हा पाहिलं; काहीच नाही. मग ती वळली, खडू उचलला आणि फळ्यावर झाड काढलं. क्रमांक लिहीत गेली. बाई उठून फळ्याजवळ आल्या, त्यांनी दुसरा खडू घेतला. एक लिहायची, दुसरी खोडायची. शेवटी दोघींना एकदमच दिसलं, की नव्या फांदीपाशी रीत मोडते. रुद्राणीनं तिथं मोठं प्रश्नचिन्ह काढलं. बाई म्हणाल्या, "इथं खरं काम आहे बघा." इतक्या वर्षांत तिच्या गणिताबद्दल कुणी एवढं बोललं नव्हतं.

आनंद टिकला तो चहापर्यंत. संध्याकाळ जवळ येत होती.

मठातले मुंजाजी काका पेटी घेऊन आले होते. मांडव भरला. पुढच्या रांगेत हैद्राबादचे पाहुणे, शेजारी दत्तराव सर, कडेला उभा शंभुराज. काकांनी सूर धरला. रुद्राणीनं डोळे मिटले आणि आवाज लावला. माईकमधून खरखर बाहेर पडली, पत्र्यावर पत्रा घासावा तशी. काकांनी पट्टी उतरवली. तिनं पुन्हा लावला. मागं पोरं हसली. तिनं हात जोडले आणि ती उठून गेली.

सरांनी घाईघाईनं विद्यार्थ्यांचं लेझीम मागवलं. मग ते मांडवामागं आले. रागानं त्यांचे कान लाल झाले होते.

"दुपारी एवढं बोलायचं काय नडलं होतं? ठरलं होतं न्हवं आपलं?"

शंभुराज मधे पडला. "सर, तिच्या घशात गाठ हाय. साधी हाय का कसली, आमाला बी ठाऊक न्हाई."

सर तिच्याकडं बघतच राहिले. "मला कसं न्हाई सांगितलं?" एवढंच म्हणाले. मांडवात लेझीम जोरात चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी ती येलदरीच्या बसमध्ये होती, कारण सहलीचं काम तिचंच. पाहुण्यांनी अंताक्षरी लावली. कुणीतरी मागून ओरडलं, "मॅडम, तुमची पाळी!" सोलापूरच्या बाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून हातानंच त्याला गप्प केलं आणि रुद्राणीच्या मांडीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिल्या. धरणावर लोक फोटो काढत होते तेव्हा ती एकटी कठड्याशी उभी होती. गाठ साधी नसली तर, हा एकच विचार डोक्यात घुमत होता.

परिषद संपल्यावर ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. अहवाल हातात आला तेव्हा शंभुराज दवाखान्याच्या जिन्यातच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

आवाज मात्र पहिल्यासारखा आला नाही. बोलता येतं, जाडसर, खालच्या पट्टीत. वरचे सूर गेले ते गेलेच. ती नव्हती तेव्हा तिचे तास सरांनी स्वतः घेतले. पण नव्या वर्षी संस्थेनं त्यातले अर्धे एका नव्या तरुण मास्तराला दिले आणि सरांचं भांडण या वेळी चाललं नाही. उरलेल्या तासांना ती जास्त लिहिते, कमी बोलते. सोमवारी मठात जाते, टाळ वाजवते. बायका आग्रह करायच्या, आता करत नाहीत.

शेवटच्या तपासणीला तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, "त्या दुपारी मी गप्प बसले असते, तर आवाज राहिला असता का?"

"सांगता यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "कदाचित."

तो प्रश्न तिनं पुन्हा कुणाला विचारला नाही. शंभुराजलाही नाही.