रविवारी रुसणारी गाडी

पप्पांनी ती गाडी घेतली तेव्हा इस्रायलमधल्या अश्केलोन गावच्या आमच्या सगळ्या गणगोतानं तिच्यावर मत दिलं. मागितलं कुणीच नव्हतं. नव्वदच्या दशकाचा मध्य होता आणि भारतातून इथे येऊन राहिलेल्या आमच्या मराठी ज्यू माणसांना नुकत्याच गाड्या परवडायला लागल्या होत्या, त्यामुळे जो तो तज्ज्ञ.

गाडी जर्मन, जुनी, एका दातांच्या डॉक्टरनं वापरून विकायला काढलेली. लांबलचक बोनेट, पुढे चकचकीत जाळी, आत लाकडी पट्ट्या आणि सायीच्या रंगाच्या चामडी सीटा. पप्पा किर्यात गातच्या एका कारखान्यात मशीनवर काम करत. या गाडीतून उतरलं की फाटकावरचा पहारेकरी सलाम ठोकतो, असं ते सांगत. मला ते अजिबात खरं वाटत नसे, पण सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलायचा की मी मान डोलवत असे.

शनिवारी सिनेगॉगमधली प्रार्थना आटोपली की अंगणात सभा भरे. शब्बात म्हणजे विश्रांतीचा वार, त्या दिवशी गाडी चालवायची नाही म्हणून सगळे पायी आलेले, पण बोलणं मात्र गाड्यांचंच. पप्पांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, या सभेचे अध्यक्ष. त्यांची जपानी गाडी साबणाच्या डबीसारखी दिसे, पण कधी रस्त्यात बंद पडली नव्हती.

"रूप बघून बायको करावी, गाडी नाय," काका म्हणायचे. "गाडीचं फक्त एकच बघायचं. चावी फिरवली की स्टार्ट होते का?"

"मग म्हैस घे ना," पप्पा म्हणत. "ती पण रोज चालते. अरे, माणूस आत बसला की त्याला बरं वाटलं पाहिजे. फर्स्टक्लास वाटलं पाहिजे."

आई मध्येच म्हणायची, "भावोजी... रूपाचं ते... जाऊबाईंना... सांगू का?" सगळे हसायचे. मला हसू येत नसे, कारण एवढंसं वाक्य बोलायला तिला तीनदा थांबावं लागे.

गाडी घेण्याचं खरं कारण तेच होतं. आईला दम्यानं घेरलं होतं. समुद्राची दमट हवा तिला सोसेना. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, अरादला जाऊन राहा, वाळवंटाची कोरडी हवा मानवेल. अरादला माझी मावशी होतीच, "दोन महिने येऊन राहा" म्हणून मागे लागलेली. आई पप्पांबरोबर बसनं निघाली आणि वाटेतल्या बेर शेवापर्यंतच पोचली. गर्दीत तिचा जीव इतका घाबरा झाला की पप्पांनी तिला तिथूनच परत आणलं. त्यानंतर त्यांनी ही गाडी घेतली. मऊ सीट, थंड हवा, आवाज नाही. अंगणातल्या सभेला ते हे कधी बोलले नाहीत. तिथे ते नुसते जाळीचं आणि लाकडी पट्ट्यांचं कौतुक करत.

आईला न्यायचं म्हणून पप्पांनी एका रविवारची रजा काढली; इकडे रविवार कामाचाच वार. सकाळी बॅगा खाली नेल्या, आईला पुढच्या सीटवर बसवलं, चावी फिरवली. गाडीतून टक असा आवाज आला आणि पुढे काही नाही. बॅटरी उतरलेली.

गॅरेजवाल्यानं बॅटरी भरली, तारा तपासल्या आणि काही दोष नाही म्हणाला. आठवडाभर गाडी कारखान्यात लोण्यासारखी गेली. पुढच्या रविवारी पुन्हा रजा, पुन्हा बॅगा, पुन्हा टक. गॅरेजवाला पुन्हा म्हणाला, दोष नाही. माझं डोकं फिरलं. मी पप्पांच्या तोंडावर म्हटलं, "विकून टाका हे धूड. काकांचं बरोबर आहे." पप्पा फडकं घेऊन बोनेट पुसत राहिले. त्या पुसण्याचा मला आणखीच राग आला.

काका म्हणाले, "वहिनी, चला, मी सोडतो."

आईनं मान हलवली. "नको. यांनी... माझ्यासाठी गाडी घेतली. जाईन तर... त्यातनंच जाईन." मग बॅगेतले कपडे ती एकेक करून परत कपाटात ठेवायला लागली. "दोनदा झालं. देवाच्याच... मनात नाय." तिचं सगळं आयुष्य भांडण्यात गेलं होतं. रेशनवाल्याशी, शाळेशी, पप्पांशी. ती अशी सहज हार मानतेय हे बघून मी खरंच घाबरले.

तिसरा रविवार जवळ आला. शनिवारी सूर्य मावळला, पप्पांनी शब्बात संपल्याची प्रार्थना म्हटली, आणि आई हवेसाठी गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिथून तिनं हाक मारली.

"अहो... तुमच्या डिकीत... कोण बसलंय? दिवा लावून?"

आम्ही तिघंही वाकून बघायला लागलो. खाली अंधारात गाडीच्या पाठीमागे उजेडाची बारीक रेघ दिसत होती. पप्पा चपला न घालताच धावले. डिकीत आमची मलिद्याची परात होती. नवस फेडायचा, कुणी गावाला निघायचं, नवी नोकरी लागली, की आमच्यात एलियाहू हन्नाबी या आमच्या संदेष्ट्याच्या नावानं गूळ-खोबरं लावलेल्या पोह्यांचा मलिदा करतात, आणि एवढी मोठी परात सगळ्या अश्केलोनमध्ये आमच्याकडेच. ती घरोघर फिरायची. आईला जिन्यावरून ती ओढायला लागू नये म्हणून पप्पांनी ती डिकीतच ठेवली होती. तिच्या काठामुळे झाकण केसभर उघडं राही आणि आतला दिवा जळत राही. रोज गाडी चालली की बॅटरी भरून निघे. पण शब्बातमुळे शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारपर्यंत गाडी जागची हलायची नाही.

"आणि गॅरेजवाल्याला कसं दिसलं नाही?" मी विचारलं.

पप्पा ओशाळले. "मी आधी परात काढून ठेवायचो. एवढ्या फर्स्टक्लास गाडीत भांडीकुंडी... बरं दिसत नाय."

आई इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली, आणि खोकता खोकता तिनं मला कपाटाकडे बोट दाखवलं. मी बॅग काढली.

सकाळी काकांनी आपली साबणाची डबी नाकाला नाक लावून उभी केली, तारा जोडल्या, आणि आमची राणी सुरू झाली. काकांनी एकही टोमणा मारला नाही. वाळवंटाचा चढ गाडीनं न कुरकुरता काढला. मागच्या सीटवरून मला आईचं डोकं दिसत होतं. ते सीटवर टेकलं होतं आणि बेर शेवा मागे पडलं तेव्हा ती झोपलेली होती. पप्पांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हॉर्न न वाजवता एका ट्रकच्या मागे निमूट चालवत राहिले.

सहाएक आठवड्यांनी आम्ही तिला भेटायला गेलो. मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर. पप्पा गाडी लावून उतरतात न उतरतात तोच वरून आईचा आवाज आला.

"अहो, सावली सोडून उन्हात कशाला लावलीत गाडी, त्या सीटा करपतील की नाय, आणि हा शर्ट कुठला काढलात, कॉलर फाटलीय ती दिसत नाय का, पोरीला तरी नीट जेवायला घालता की हॉटेलातलं आणता, आणि खाली उभं राहून काय बघताय, वर या!"

पप्पांनी गाडीचं दार उघडंच ठेवलं होतं. ते वर बघत उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"बोल," ते म्हणाले. "अजून बोल."