मी ‘धमकी’ लिहिलं

आमच्या घरात अर्ज लिहिता येणारी मी एकटीच. शेवगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणून पोलीस ठाण्यात द्यायचा अर्जही मीच लिहिला.

चुलत्यांची आणि आमची विहीर सामाईक आहे. चार दिवस त्यांचे, चार आमचे. आमच्या पाळीला आई कांद्याला पाणी देत होती. चुलते आले, मोटार बंद कर म्हणाले. ती नाही म्हणाली. त्यांनी तिच्याच हातातलं खोरं हिसकावून उगारलं. “वहिने, पाय तोडून ठेवीन!”

मी घरी आल्यावर आईला एवढंच विचारलं, “लागलं का तुला?”

“न्हाई.”

न लागलेल्याला हल्ला म्हणणं मला खोटं वाटलं. मी लिहिलं, पाय तोडण्याची धमकी दिली. आईने खाली अंगठा दिला. हवालदारांनी चुलत्यांना बोलावलं, समज दिली, सोडून दिलं.

पुढच्या पाळीला मी आईबरोबर गेले. पाण्याच्या दंडाच्या काठावर, वाळलेल्या चिखलात खोऱ्याचा वीतभर खोल घाव होता.

“इथं पाय हुता माजा,” आई म्हणाली. “मागं घेतला म्हून ऱ्हायला.”

“तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तू लागलं का इचारलं. लागलं न्हवतं.”

धमकी म्हणजे पुढे करीन म्हणणं. त्यांनी तर केलं होतं. नेम चुकला, तो आईमुळे.

मी तशीच ठाण्यात गेले. हवालदार म्हणाले, “अक्षर तुझंच ना? अंगठा आईचा. आठ दिवसांनी हल्ला आठवला व्हय?” नवा अर्ज त्यांनी घेतला, पण न वाचताच कागदांच्या ढिगाखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी चुलते बांधावर हजर.

“काय गं कॉलेजवाली, नुसती धमकी दिल्ती ना म्या? तूच लिवलंय. आता हल्ला झाला व्हय? खरा हल्ला कसा असतो, दावू का?”

आई म्हणाली, “तिच्याशी बोलू नका. पाळी आमची हाय.”

ते हलले नाहीत. पाणी आत घ्यायला वाफ्याचं दारं मोडायला एरवी आईच वाकते. त्या दिवशी तिने मला वाकायला लावलं. खोरं मात्र दिलं नाही. मी हातांनी चिखल ओढत एकेक वाफा भरत गेले आणि ती खोरं धरून त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली, शेवटच्या वाफ्यापर्यंत.