सरांचा रविवारचा चहा

लातूरला मेडिकलच्या क्लासेससाठी मी दोन वर्षं ज्यांच्या घरी राहिले, त्या घरमालकांइतका चहावर विश्वास असलेला आणि तो इतका बेचव करणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. ते निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांच्या चहात चहापत्ती सोडून सगळं असायचं. वाळवलेली जास्वंद, शेवग्याचा पाला, धने, तुळस, असं सगळं गच्चीवर जुन्या प्रश्नपत्रिकांवर वाळत पडलेलं असे. "बीपी असं उतरतं की बस," ते सांगायचे. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणायच्या, "शेळीपुढं ठेवून बघा. ती बी तोंड फिरवंल."

शेळीच्या जागी आम्ही तिघी भाडेकरू मुली होतो. सर आम्हाला गावावरून हाका मारायचे: मुदखेड, बिलोली, आणि मी नांदेड. दर रविवारी सकाळी क्लासच्या परीक्षेला निघताना ते आमच्या दंडाला बीपीच्या यंत्राचा पट्टा बांधत. "बिलोली, केवढं वर गेलंय! काय करायलीस तू?" मग प्रत्येकीला एक पेला. संध्याकाळी पुन्हा पट्टा, आणि तिघींचंही बीपी खाली. सकाळी आम्ही फिजिक्सच्या पेपरला निघालेल्या असू आणि संध्याकाळी मनसोक्त झोपून उठलेल्या, ही किरकोळ बाब विज्ञानशिक्षकाच्या लक्षात येत नव्हती. माझ्या आली होती. पण इंग्रजी शाळेत मी दहा वर्षं मुख्यतः गप्प बसायला शिकले होते, आणि त्यात माझा हात कुणी धरला नसता.

असे बरेच रविवार झाल्यावर सरांनी जेवताना जाहीर केलं, "उद्यापासून माझी बीपीची गोळी बंद. चहा पुरे."

काकूंची भाकरी तव्यावरच करपली. "पोरींचं अन् तुमचं एक हाय का?"

"सिद्ध झालंय," सर म्हणाले आणि हात धुवायला उठले.

काकू मला हळूच म्हणाल्या, "भूकंपानंतर यांची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरली. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना गेलेल्या पोरांची नावं आली, अन् हे मटकन खाली बसले. तवापासून गोळी. यांना गोळीचं काही न्हाई बाई. रोज गोळी हातात घेतली की तो दिवस आठवतो."

मग मी सरांसमोर आयुष्यातलं पहिलं लांब वाक्य बोलले. "सर, येत्या रविवारी आम्हाला चहा न देता बीपी मोजा, आणि तोवर तुमची गोळी चालू ठेवा."

मला वाटलं, रागावतील. पण मुलांनी हरकत घ्यावी यासारखं त्यांना दुसरं काही आवडत नसे. "मान्य, नांदेड!" ते इतक्या खुशीत म्हणाले की मलाच अपराधी वाटलं.

त्या रविवारी आम्ही चहाविना पेपरला गेलो. संध्याकाळी तिघींचं बीपी नेहमीइतकंच उतरलं. बिलोलीचं तर जरा जास्तच. सरांनी तिला पुन्हा पट्टा बांधला, पुन्हा आकडा पाहिला, आणि पट्ट्याची व्यवस्थित घडी घातली. "पेपर संपला की उतरतंय," ते म्हणाले. "हे मी आठवीच्या पोरांना शिकवायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर तळहातावर गोळी घेऊन बराच वेळ बसले होते. काकू दारात उभ्या होत्या. शेवटी सरांनी गोळी घेतली. इतकं बरोबर उत्तर देऊन इतकं वाईट मला पुढे मेडिकलमध्येही कधी वाटलं नाही.

मग त्यांनी भांड्यातला चहा एका पेल्यात ओतून माझ्यापुढे सरकवला. "हा आता कशासाठी न्हाई. नुसता पी."

तो नेहमीइतकाच वाईट होता. मी संपवला, आणि आणखी थोडा मागितला.