पाच जणांची बातमी

कालव्याच्या पुलावर आलं की रामहरी दर एकादशीला डावीकडं वळायचा. त्या वाटेनं नेवासा अर्धा कोस लांब पडतं, तरीही. इंदूबाईंना वाटायचं, सावलीसाठी वळत असेल. आज मात्र तो थांबला, चपलेतला खडा काढला आणि सरळ निघाला.

"आज इकडून?"

"व्हय. ह्या वाटंला गोजरबाईची वस्ती हाय."

रामहरी सव्वीस वर्षं गावचा वार्ताहर. सकाळी एसटीतून पेपरचा गठ्ठा उतरवून घरोघर टाकायचा, दुपारी स्टँडवरच्या हॉटेलात बसून बातमी लिहायचा. वाचनालयाच्या अंकात त्याच्यावर लिहायचं इंदूबाईंनी मनावर घेतलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माउलींच्या दर्शनाला त्या त्याच्या सोबतीनंच पायी जात. मघाशी त्यांनी सहज विचारलं होतं, "रामहरीभाऊ, कधी कुणाची बाजू घेऊन लिहिलंत का हो?"

पुलापलीकडं रामहरीनं त्याचं उत्तर दिलं. सात वर्षांमागं गावाच्या हद्दीवरचा शिवरस्ता अडला, तेव्हा त्यानं बातमी दिली होती, एका बाईच्या हट्टापायी रस्ता रखडला म्हणून.

"खोटी होती?"

"मनाचं एक अक्षर घातलं न्हाई. पाच जनांना इचारलं, पाचांनी तेच सांगितलं. पन पाची एका टेबलावरचं, बाई. एका भावकीतलं. च्या बी त्यांचाच. मला वाटलं, झालं, गावाला इचारलं. गोजरबाईला इचारायचं तर इथवर चालावं लागलं असतं."

आता त्या रस्त्यावर डांबर पडणार होतं. परवा ग्रामसभा. गोजरबाईनं रस्त्याखालून पाइप टाकायचा अर्ज दिला, तर पंचायतीत कुणीतरी तेच जुनं कात्रण काढून दाखवलं, ही तीच बाई म्हणून. एकदा डांबर पडलं की पाइप कोण टाकतो?

गोजरबाई अंगणात शेंगा फोडत होती.

"काय पेपरवाले, वाट चुकला का? बाई, तुमी बाजंवर बसा. एकादशी ना? शेंगा घ्या. ह्येला बसू द्या खाली. ह्येला हाटेलातल्या खुर्चीची सवय."

रामहरी खालीच बसला. वही काढली. "मावशी, रस्ता का अडवला हुतास?"

"अडवला कवा? दोन गुंठं सोडलं की मी! म्हनलं, खालनं पाइप तेवढा टाका. वरच्या रानाचं पानी माझ्या घरात शिरतं."

भिंतीवर गुडघाभर उंचीला ओलीची रेघ होती. इंदूबाईंनी ती पाहिली.

रामहरीनं लिहून घेतलं आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'पाण्याचा त्रास होतो' म्हटल्यावर तिनं हात वर केला. "तरास कसला? सुनंचं बाळंतपन पान्यात झालं. तसं लिव्ह."

त्यानं खोडून तसं लिहिलं.

"आन् खाली तुजं नाव घाल. तवा न्हवतं घातलंस."

नाव घालून त्यानं पानाचा फोटो मोबाईलवरून पेपरच्या कचेरीत पाठवला.

"छापत्याल का?"

"सांगता येत न्हाई, मावशी. न्हाई छापलं तर सभेत उभा ऱ्हाऊन वाचीन. त्या कात्रनातली बातमी कुनी लिहिली हुती ते बी सांगीन."

"बघू," गोजरबाई म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

रामहरी उठला. इंदूबाईही उठायला लागल्या, तर त्यानं हातानंच त्यांना बसवलं.

"बाई, माझ्यावर लिहिताय तर हिलाबी इचारा, मी कसा मानूस हाय ते. मी फुडं लिंबाखाली थांबतो. म्होरं असलो तर ती नीट बोलायची न्हाई."